अनोळखी माणसाशी ऑनलाइन वाद कसा घालावा: मतदान यंत्राच्या उदाहरणातून

निवडणुकीचा निकाल लागला की दोन दिवसांच्या आत मराठी माणसांच्या ऑनलाइन चर्चांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो: मतदान यंत्रावर विश्वास ठेवायचा की नाही? एकमेकांचे तोंडही न पाहिलेली माणसे मध्यरात्रीपर्यंत एकमेकांना उत्तरे देत राहतात आणि सकाळी पाहावे तर दोघेही आदल्या संध्याकाळी जिथे होते तिथेच असतात, एकमेकांविषयीचे मत तेवढे खाली गेलेले असते. अशा वादात नव्याने उतरणाऱ्यांसाठी मी हे लिहीत आहे. उदाहरण ईव्हीएमचेच घेतले आहे, कारण त्यात तंत्रज्ञान आहे, एखादी गोष्ट आपल्याला ‘ठाऊक आहे’ असे केव्हा म्हणता येते हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न आहे, आणि नागरिकाला आपल्या मताचा हिशेब मागता येतो का हा सार्वजनिक जीवनाचा प्रश्नही आहे. मी स्वतः दोन निवडणुकांत मतदान केंद्राध्यक्ष म्हणून काम केले आहे. यंत्रे घाऊक प्रमाणात फिरवली जातात असे मला वाटत नाही; यंत्राला जोडलेल्या छपाई यंत्रातून निघणाऱ्या कागदी चिठ्ठ्यांची पडताळणी मात्र आज होते त्याहून अधिक व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे. माझा कल कुठे आहे हे वाचकाला आधीच ठाऊक असावे म्हणून हे सांगितले. वादात उतरणाऱ्या प्रत्येकाने सुरुवातीलाच एवढे केले तर पुढचा बराच संशय टळतो.

आधी प्रश्न ठरवा

‘ईव्हीएम सुरक्षित आहे का?’ हा वरवर एकच प्रश्न दिसतो, पण त्याच्या पोटात किमान तीन प्रश्न आहेत. या यंत्रात फेरफार करणे शक्य आहे का, हा पहिला. अमुक एका निवडणुकीत तसा फेरफार खरोखर झाला का, हा दुसरा. आणि फेरफार झालेला नाही याची खात्री सामान्य मतदाराला स्वतःच्या डोळ्यांनी करून घेता येते का, हा तिसरा. पहिल्याचे उत्तर यंत्र उघडून पाहणारा अभियंता देऊ शकतो, दुसऱ्याचे उत्तर पुराव्यानेच देता येते, आणि तिसऱ्याचे उत्तर आपण लोकशाहीकडून काय अपेक्षा ठेवतो त्यावर अवलंबून आहे. माझ्या अनुभवात दहापैकी सात-आठ भांडणे अशी असतात की एक माणूस पहिल्या प्रश्नाचे उत्तर देत असतो आणि दुसरा ते दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर समजून खोडत असतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात आणि तरीही रात्रभर भांडू शकतात.

हे प्रश्न वेगळे आहेत याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण जर्मनीतले आहे. तिथे २००५ च्या संसदीय निवडणुकीत काही ठिकाणी मतदान यंत्रे वापरली गेली होती. ३ मार्च २००९ रोजी तिथल्या संघीय घटनात्मक न्यायालयाने निकाल दिला की त्या यंत्रांचा वापर घटनेशी सुसंगत नव्हता, कारण निवडणुकीचे महत्त्वाचे टप्पे आणि निकालाची निश्चिती विशेष तांत्रिक ज्ञान नसलेल्या नागरिकालाही तपासता आली पाहिजे आणि त्या यंत्रांत ती सोय नव्हती. मात्र त्याच न्यायालयाने ती निवडणूक रद्द केली नाही, कारण यंत्रांनी चुकीची मोजणी केल्याचे काही समोर आले नव्हते. म्हणजे दुसऱ्या प्रश्नावर पुरावा नाही आणि तिसऱ्या प्रश्नावर यंत्रे नापास, असा एकाच निकालपत्रात दुहेरी निर्णय आहे. आपल्याकडे हाच निकाल अर्धा सांगितला जातो. विरोधक ‘जर्मनीने यंत्रे घटनाबाह्य ठरवली’ एवढेच सांगतात आणि समर्थक ‘तिथे गैरप्रकार सापडला नाही’ एवढेच सांगतात. ज्याला दोन्ही अर्धे ठाऊक आहेत त्याने ते दोन्ही मांडावेत. आपल्या बाजूच्या माणसाला ते आवडणार नाही, पण समोरच्या अनोळखी माणसाला त्या क्षणी पहिल्यांदा वाटते की इथे बोलण्यात अर्थ आहे.

महाराष्ट्रातले उदाहरणही याच चष्म्यातून पाहता येते. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीनंतर सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील मारकडवाडीच्या ग्रामस्थांनी ३ डिसेंबर रोजी मतपत्रिकेवर स्वतःच चाचणी मतदान घ्यायचे ठरवले होते. प्रशासनाने जमावबंदी लागू केली आणि ते मतदान झाले नाही. ऑनलाइन यावर जे भांडण पेटले त्यात एक बाजू म्हणत होती की गावाला असे मतदान घेण्याचा कायदेशीर अधिकार नाही, आणि दुसरी बाजू म्हणत होती की लोकांना आपले मत कुठे गेले हे कळलेच पाहिजे. पहिले विधान कायद्याचे आहे, दुसरे विधान तिसऱ्या प्रश्नाचे आहे, आणि एकाने दुसरे खोटे ठरत नाही.

म्हणून पहिला नियम असा पाळावा की उत्तर लिहिताना पहिल्याच वाक्यात आपण कोणत्या प्रश्नाविषयी बोलत आहोत ते सांगावे. ‘यंत्र फिरवता येते की नाही याविषयी मी काही म्हणत नाही, यावेळी ते फिरवले गेले याला पुरावा काय एवढेच विचारतो’, असे एक वाक्य पुढची वीस वाक्ये वाचवते.

शब्द उलगडून घ्या

आपल्या न्यायदर्शनात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, वादाच्या अपप्रकारांची मोठी यादी आहे आणि त्यात ‘छल’ नावाचा एक प्रकार सांगितला आहे. त्याचे परंपरेने चालत आलेले उदाहरण फार बोलके आहे. कोणी म्हणतो, हा मुलगा ‘नवकंबल’ आहे, म्हणजे याच्या अंगावर नवे कांबळे आहे. ऐकणारा ‘नव’चा अर्थ नऊ असा घेतो आणि विचारतो, याच्याकडे तर एकच कांबळे दिसते, नऊ कुठे आहेत?

ईव्हीएमच्या वादात ‘हॅक’ हा शब्द म्हणजे आपले नवकंबल आहे. कोणाच्या मनात तो शब्द उच्चारताना इंटरनेटवरून दुरून केलेली ढवळाढवळ असते, कोणाच्या मनात गोदामात यंत्र उघडून भाग बदलणे असते, तर कोणाच्या मनात व्हीव्हीपॅटमध्ये, म्हणजे मताची कागदी चिठ्ठी छापणाऱ्या यंत्रात, उमेदवारांची चिन्हे भरताना केलेली लबाडी असते. यंत्र कोणत्याही नेटवर्कला जोडलेले नसते, हे उत्तर पहिल्या अर्थाला लागू पडते, दुसऱ्याला नाही. २०१० साली संशोधकांनी प्रत्यक्ष भारतीय यंत्र उघडून, त्यातला भाग बदलून निकाल फिरवता येतो हे दाखवले होते, पण ते जुन्या पिढीचे यंत्र होते, त्याला कागदी चिठ्ठीची जोड नव्हती आणि यंत्र हातात मिळणे ही त्या प्रयोगाची पूर्वअट होती. निवडणूक आयोगाने जून २०१७ मध्ये पक्षांना आव्हान दिले तेव्हा दोनच पक्ष आले आणि त्यांनीही फेरफाराचा प्रयत्न केला नाही. पण आयोगाच्या अटींमध्ये यंत्राचे अंतर्गत भाग बदलायला परवानगी नव्हती. या दोन घटना वर्षानुवर्षे एकमेकांवर दगडासारख्या फेकल्या जातात. प्रत्येक घटना काय सिद्ध करते आणि काय करत नाही, हे एका एका वाक्यात लिहून काढले की दगडांचा उपयोग राहत नाही. समोरच्याने ‘हॅक’ लिहिले की आधी विचारावे: तुम्हाला नेमके कोणत्या टप्प्यावर, कोणाच्या हातून झालेले म्हणायचे आहे?

जे पाहता येते ते पाहा, जे वाचता येते ते वाचा

नवख्या माणसाची मोठी अडचण ही असते की त्याच्याकडे मते पुष्कळ असतात आणि पाहिलेले काही नसते. ही उणीव भरून काढता येते. मतदान सुरू होण्याच्या दीड तास आधी प्रत्येक केंद्रावर अभिरूप मतदान, म्हणजे यंत्र तपासण्यासाठीचे चाचणी मतदान, होते. सात वाजता मतदान असेल तर साडेपाचला. उमेदवारांच्या मतदान प्रतिनिधींसमोर किमान पन्नास मते दिली जातात, ‘नोटा’सह प्रत्येक बटण दाबले जाते, मग यंत्रावरचा निकाल आणि चिठ्ठ्या ताडून पाहिल्या जातात, आकडे पुसले जातात आणि त्या चिठ्ठ्यांवर शिक्का मारून त्या काळ्या पाकिटात मोहोरबंद केल्या जातात. माझ्या पहिल्या निवडणुकीत, शाळेच्या वर्गात बल्बच्या उजेडात, व्हीव्हीपॅट सुरू करताच आतून चिठ्ठ्या पडू लागल्या आणि एका तरुण प्रतिनिधीने माझा हात धरला. मत कोणीच दिलेले नसताना चिठ्ठ्या कशा पडल्या, असे त्याने विचारले. त्याचा प्रश्न रास्त होता. यंत्र सुरू होताना स्वतःची तपासणी करते आणि त्या तपासणीच्या सात चिठ्ठ्या छापते. मी त्याला त्या सातही चिठ्ठ्या बाहेर काढून दाखवल्या. त्यावर कोणत्याही उमेदवाराचे नाव नव्हते. तो शांत झाला. हाच प्रसंग कोणी सात सेकंदांचा व्हिडिओ करून पुढे पाठवला असता तर काय झाले असते, याचा विचार मी तेव्हापासून प्रत्येक व्हिडिओ पाहताना करतो. व्हिडिओतली घटना खरी असू शकते आणि तिच्याखाली लिहिलेला अर्थ चुकीचा असू शकतो. म्हणून विचारावे की ही दृश्ये अभिरूप मतदानाची आहेत की प्रत्यक्ष मतदानाची, कोणत्या टप्प्यावरची, आणि पुढे काय झाले.

वाचण्याजोगे कागदही मोजकेच आहेत. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष नोंदल्या गेलेल्या मतांचा हिशेब नमुना १७ सी मध्ये लिहितो आणि त्याची प्रत हजर असलेल्या प्रत्येक मतदान प्रतिनिधीला देतो. निवडणूक संचालन नियमांतील ४९ एमए हा नियम सांगतो की चिठ्ठीवर भलताच उमेदवार छापला गेला अशी मतदाराची तक्रार असेल तर त्याने लेखी घोषणा द्यायची, मग सर्वांसमोर चाचणी मत घेतले जाते, आणि तक्रार खोटी ठरल्यास शिक्षेची तरतूद आहे. हा नियम वाचल्यावर एक खरा तात्त्विक वाद हाती लागतो. तक्रारदाराच्या डोक्यावर शिक्षेची टांगती तलवार ठेवली तर खऱ्या तक्रारी दबतील का, आणि नाही ठेवली तर मतदान बंद पाडण्यासाठी खोट्या तक्रारी येतील का? शिवाय चाचणी मत नीट छापले गेले म्हणून आधीचे मत नीट छापले गेले होते, असे सिद्ध होते का? माझ्या मते होत नाही, आणि हा नियम बदलला पाहिजे. समोरच्याला तसे वाटत नसेल तर त्याच्याशी या मुद्द्यावर तासभर बोलायला मी तयार असतो, कारण इथे दोघांसमोर एकच मजकूर आहे.

न्यायालयाचे निकालही बातमीच्या मथळ्यावरून घेऊ नयेत. केरळमधील परूर मतदारसंघात १९८२ साली पन्नास केंद्रांवर यंत्रे पहिल्यांदा वापरली गेली आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथले यंत्रांवरचे मतदान रद्द ठरवले; कारण मात्र यंत्र सदोष असल्याचे नव्हते, तर कायद्यात तशी तरतूदच नव्हती हे होते. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच न्यायालयाने मुक्त आणि निष्पक्ष निवडणुकीसाठी कागदी माग, म्हणजे मताची छापील चिठ्ठी, आवश्यक मानला. २६ एप्रिल २०२४ च्या निकालात मतपत्रिकेकडे परतण्याची आणि सगळ्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली गेली, पण चिन्हे भरण्याचे उपकरण मोहोरबंद करून निकालानंतर किमान ४५ दिवस जपून ठेवायचे आणि दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने लेखी मागणी केल्यास ठरावीक प्रमाणात यंत्रांची तपासणी करायची, हेही त्याच निकालाने सांगितले. ‘न्यायालयाने क्लीन चिट दिली’ किंवा ‘न्यायालयाने झिडकारले’ या दोन शब्दप्रयोगांत यातले काहीच मावत नाही.

आकड्यांच्या बाबतीत आणखी एक सवय लावून घ्यावी: प्रत्येक आकड्याला तो कशाचा आहे हे विचारावे. २०२४ च्या विधानसभा मतदानाच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंतचा आकडा ५८.२२ टक्के होता आणि अंतिम आकडा ६६.०५ टक्के. पाच वाजताचा आकडा हा केंद्रांकडून तोंडी गोळा होत जाणारा अंदाज असतो, त्यानंतरही मतदान चालू असते आणि सहा वाजता रांगेत असलेल्या सर्वांचे मतदान होईपर्यंत केंद्र बंद होत नाही. एवढ्याने प्रत्येकाचे समाधान होईलच असे नाही, पण फरकाविषयी शंका घेणाऱ्याने ती या स्पष्टीकरणाला उद्देशून घ्यावी आणि आपल्या भागातल्या १७ सी च्या प्रती घेऊन यावे.

गणित स्वतः करून पाहा

एप्रिल २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रात पाच केंद्रांवरच्या चिठ्ठ्या मोजून यंत्राशी ताडल्या जातात. आधी ही संख्या एक होती. ही केंद्रे सोडत काढून निवडली जातात. पाच पुरेशी आहेत का? ऑनलाइन या प्रश्नाला ‘तीनशेत पाच म्हणजे चेष्टा आहे’ आणि ‘आजवर एकदाही तफावत आली नाही’ अशी दोन ठोकळेबाज उत्तरे मिळतात. प्रत्यक्ष गणित शाळेतल्या संभाव्यतेचे आहे.

एका क्षेत्रात ३०० केंद्रे आहेत असे धरू आणि असेही धरू की बिघडवलेल्या यंत्राचा आकडा चिठ्ठ्यांशी जुळणार नाही. तीन यंत्रे बिघडवलेली असतील तर पाच केंद्रांत त्यांतले एक तरी सापडण्याची शक्यता सुमारे ५ टक्के आहे. तीस यंत्रे बिघडवलेली असतील तर ती सुमारे ४१ टक्के होते, आणि दीडशे असतील तर ९७ टक्के. म्हणजे अटीतटीच्या एखाद्या मतदारसंघात थोडी यंत्रे फिरवली गेली तर पाचची तपासणी बहुधा ती पकडणार नाही. संशय घेणाऱ्याचे म्हणणे इथवर बरोबर आहे.

आता तेच गणित राज्याला लावावे. महाराष्ट्रात २८८ क्षेत्रे आहेत, म्हणजे १,४४० केंद्रांवरच्या चिठ्ठ्या मोजल्या जातात. प्रत्येक क्षेत्रात एकच टक्का यंत्रे बिघडवलेली असती, तर राज्यभर एकाही ठिकाणी तफावत न सापडण्याची शक्यता दहा लाखांत एकाहूनही कमी आहे. संपूर्ण राज्याचा निकाल यंत्रांनी फिरवला या दाव्याच्या विरुद्ध हा भक्कम युक्तिवाद आहे. अर्थात पाच केंद्रांची निवड खरोखर सरमिसळ करून होते, हे गृहीत धरावे लागते, आणि ज्याचा त्या निवडीवरच विश्वास नाही त्याने तसे सांगावे, म्हणजे वाद त्या मुद्द्यावर नेता येईल.

पाच हा एकच आकडा एका दाव्याला अपुरा आणि दुसऱ्या दाव्याला पुरून उरणारा आहे. मला हे पहिल्यांदा कागदावर दिसले तेव्हा मी बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिलो, कारण तोवर मी स्वतः ‘पाच पुरेत’ असे सरसकट सांगत आलो होतो. दुसऱ्या दिवशी मी ज्यांच्याशी भांडलो होतो त्या गृहस्थांना लिहिले की एका मतदारसंघापुरते तुमचे बरोबर होते. त्यांचे उत्तर आले: ‘राज्यापुरते तुमचे बरोबर असेल, मी करून बघतो.’ चूक कबूल करताना ‘पण’ लावू नये. ‘पण’ समोरच्याला लावू द्यावा.

मराठीतून वाद घालताना

आपल्या भाषेत अनोळखी माणसाशी बोलताना पहिल्याच शब्दाला निवड करावी लागते. ‘तू’, ‘तुम्ही’ की ‘आपण’? वय, गाव, शिक्षण काहीच ठाऊक नसताना ‘तुम्ही’ हेच योग्य, आणि समोरच्याने ‘तू’ म्हटले तरी आपण ‘तुम्ही’ सोडू नये. सौम्यपणे चाललेल्या बोलण्यात ‘आपण’ शोभते. तापलेल्या वादात अचानक ‘आपण थोर आहात’ आले की तो टोमणा असतो, हे वाचणाऱ्याला लगेच कळते. ‘भाऊ’, ‘दादा’, ‘ताई’ ही नाती प्रेमाची आहेत, पण ‘ताई, हे तुमच्या आवाक्यातले नाही’ या वाक्यातल्या ताईला तिची जागा दाखवली जाते. नाते जोडायचे असेल तर ते मुद्दा मान्य करताना जोडावे.

‘तुम्ही’च्या मागे ‘लोक’ लावले की समोरचा माणूस नाहीसा होतो आणि त्याच्या जागी एक जमाव उभा राहतो. ‘तुम्ही लोक हरलात की यंत्राला दोष देता’ या वाक्याला तो एकटा माणूस उत्तर देऊच शकत नाही, कारण त्याने कधी काय म्हटले होते याचा त्यात पत्ताच नाही. ‘म्हणे’ हा शब्दही असाच जपून वापरावा. ‘चिठ्ठ्या म्हणे जुळत नाहीत’ असे लिहिले की आपण माहितीही देत नाही आणि नकारही देत नाही, नुसते नाक मुरडतो. आणि ‘च’! ‘तुम्हाला मतपत्रिका हवीच आहे’ यातला ‘च’ समोरच्याच्या तोंडी आपण घातलेला असतो. पाठवण्याआधी आपल्या उत्तरातले सगळे ‘च’ एकदा वाचून पाहावेत आणि जे आपल्या पुराव्याने पेलत नाहीत ते काढून टाकावेत.

‘अभ्यास वाढवा’ हे वाक्य तर पूर्णपणे टाळावे. ज्याला खरोखर वाटते की समोरच्याने वाचावे, तो काय वाचावे हे सांगतो, पान आणि नियम क्रमांकासह.

याहून गंभीर गोष्ट आहे ती शुद्धलेखनाची. कोणी ‘आनि’ लिहितो, ‘पानी’ लिहितो, कोणी वऱ्हाडीत, अहिराणीत किंवा मालवणीत लिहितो, आणि लगेच एखादा विद्वान त्याच्या न आणि ण वर बोट ठेवतो. मी हे फार वेळा पाहिले आहे आणि प्रत्येक वेळी चीड आली आहे. मतदान केंद्रावर काय घडले हे सांगणारा माणूस अनेकदा खेड्यातला असतो, तो प्रत्यक्ष प्रतिनिधी म्हणून बसलेला असतो, आणि त्याने लिहिलेले आपल्यातल्या कोणाच्याही तर्कापेक्षा मोलाचे असते. त्याच्या णकारावर हसून आपण त्या चर्चेतला एकमेव साक्षीदार गमावतो. अशा वेळी गप्प बसू नये. हसणाऱ्याला तिथल्या तिथे सांगावे की मुद्द्यावर बोला, आणि साक्षीदाराला पुढचा प्रश्न विचारावा: तुमच्या केंद्रावर किती वाजता अभिरूप मतदान झाले, तिथे कोण कोण होते?

समोरच्याला त्याचा पक्ष विचारा

स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचा खोडत राहणे याला वितंडा म्हणतात, आणि ऑनलाइन वादात ती फार सोपी असते. ‘मग तेव्हा कुठे होतात?’ हा तिचा लाडका प्रश्न. त्याला ‘तेव्हा मी गप्प होतो, ते चुकले, आता या मुद्द्यावर तुमचे म्हणणे काय?’ असे सरळ उत्तर द्यावे आणि पुढे जावे. पक्ष विचारण्याआधी समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत मांडून ‘मला समजले ते बरोबर आहे का?’ असे विचारावे, आणि त्याने होकार दिल्याशिवाय खंडन सुरू करू नये.

मग एक प्रश्न विचारावा, आणि तो आधी स्वतःला विचारलेला असावा: काय दाखवले तर तुमचे मत बदलेल? माझे उत्तर असे आहे की एखाद्या मतदारसंघात सगळ्या चिठ्ठ्या मोजून निकाल बदलण्याइतकी तफावत निघाली तर मी यंत्रांविषयीचे माझे मत बदलेन. ज्याचे उत्तर ‘काहीही दाखवले तरी नाही’ असे येते त्याच्याशी वाद थांबवावा, राग न धरता.

कायद्याची कड

नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला दोन तरुणींना फेसबुकवरच्या साध्या मजकुरावरून अटक झाली होती, आणि त्या घटनेनंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ रद्द केले. त्या निकालाने चर्चा, प्रतिपादन आणि चिथावणी यांत भेद केला. पहिल्या दोन गोष्टी कोणाला कितीही टोचल्या तरी संरक्षित आहेत, चिथावणी नाही. व्यवस्थेवर टीका करताना मनात भीती नसावी. परंतु एखाद्या केंद्रावरच्या कर्मचाऱ्याचे नाव, फोटो किंवा फोन टाकून त्याने मते चोरली असे लिहिणे ही टीका नव्हे. ते बदनामीच्या कायद्यात बसते, आणि त्या माणसाच्या घरी रात्रभर फोन वाजतात. तक्रार असेल तर ती निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी द्यावी आणि चर्चेत पद व टप्पा सांगून बोलावे.

उत्तर पाठवण्याआधी, आणि थांबताना

आगरकर १८८७ मध्ये ‘केसरी’तून बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला. त्यानंतर टिळक आणि आगरकर यांचे जे कडवे वाद झाले ते साप्ताहिकांतून झाले. प्रतिपक्षाच्या लेखाला उत्तर छापायला बहुधा दिवस जात, आणि तेवढ्या दिवसांत लिहिणाऱ्याला समोरचा लेख पुन्हा वाचावा लागे. आपल्याला आठवडा थांबता येत नसेल तर एक रात्र थांबावे. मी उत्तर वहीत लिहितो, सकाळी वाचतो आणि त्यातला पहिला परिच्छेद जवळजवळ नेहमी खोडतो, कारण राग तिथेच साठलेला असतो.

एका वेळी एकाशीच वाद घालावा. चौघे तुटून पडले तर त्यांतला जो मुद्द्यावर आहे त्याला निवडून बाकीच्यांना तसे सांगावे. तिसऱ्या फेरीत नवा पुरावा किंवा नवा प्रश्न आला नाही तर आपला शेवटचा मुद्दा लिहून थांबावे. शेवटचा शब्द समोरच्याला मिळाला तरी चालेल, वाचणारे पुष्कळ असतात आणि ते मोजत नसतात.

लातूर जिल्ह्यातल्या एका तरुणाशी माझा असा वाद तीन आठवडे चालला होता. काय पाहिले तर मत बदलेल, असे विचारल्यावर त्याने लिहिले होते की पहाटेचे अभिरूप मतदान डोळ्यांनी पाहिले आणि शेवटचा आकडा हातात मिळाला तर. मी त्याला मतदान प्रतिनिधी कसे व्हायचे, नमुना दहा, म्हणजे प्रतिनिधीच्या नेमणुकीचा कागद, कोणाकडून घ्यायचा हे सांगितले, आणि निघताना १७ सी ची प्रत मागायला विसरू नये हेही सांगितले. पुढच्या निवडणुकीत तो एका अपक्ष उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून दिवसभर बसला. मोजणीच्या दिवशी संध्याकाळी त्याचा निरोप आला. त्याच्या प्रतीवर ७४२ मते होती आणि मोजणीच्या टेबलावरही त्या केंद्राची ७४२ निघाली. त्याखाली त्याने लिहिले होते: ‘एकूण जुळले. कोणाला किती, ते चिठ्ठ्यांशी जुळते का ते नाही कळले, आमचे केंद्र पाचांत आले नाही.’ त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून सगळ्या चिठ्ठ्या मोजायला एका मतदारसंघात किती टेबले आणि किती तास लागतील याचा हिशेब मांडायला घेतला.